धडपड्याचा सचिवालयातला बाण

बाबा, काल दुपारी तुमचा धडपड्या माझ्या घरी आला. म्हणजे आली आपल्या मराठी मंडळाची नवी सेक्रेटरी, पंचवीस-सव्वीस वर्षांची, जीन्स आणि कपाळावर बारीकशी टिकली, आणि तिच्या लॅपटॉपमधून तो आला. तोच गोल पोटाचा, एक पंख मोठा नि एक लहान, लंगोट सावरत तिरका उडणारा आणि उडता उडता कशावर तरी आपटणारा. मंडळाच्या कपाटातल्या जुन्या मासिक पत्रिका काढून तिने तुमच्या चित्रकथेचे सगळे भाग स्कॅन केलेत. मंडळाला त्यांचं पुस्तक काढायचंय. दोन-चार भाग तिने सहज मोबाईलवर टाकले, तर पुण्या-मुंबईची माणसं विचारायला लागली म्हणे, की हा लग्नं जुळवणारा गोट्या कुणी काढलाय. मला म्हणाली, "काकू, आजोबा तो कमाल थे. तुम्ही वारस म्हणून इथे फक्त साइन करा, बाकी आम्ही बघतो." अयोध्या नगरातला हा फ्लॅट तुम्ही पाहिलेला नाही, तुम्ही गेल्यावर आम्ही घेतला. इथल्या जेवणाच्या टेबलावर तिचा कागद पडून आहे आणि मी सही केलेली नाही. मी तिला म्हटलं, एक भाग सोडून बाकी सगळे खुशाल घ्या. कुठला ते तुम्हाला सांगायला नको.

इंद्रपुरीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं? रविवारची सकाळ आहे. आई पोह्यांना फोडणी देतेय, मला शेव आणायला कोपऱ्यावर पिटाळलंय, आणि तुम्ही टेबलावर कागद चारी बाजूंनी चिकटवून बसलाय. टेबल डुगडुगतं म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. आठवडाभर कारखान्यात मोठमोठ्या यंत्रांची ड्रॉइंग काढायची आणि रविवारी त्याच पेन्सिलींनी धडपड्या. कारखान्यात आलेल्या कुणा परदेशी इंजिनियरने तुम्हाला शुभेच्छांचं कार्ड दिलं होतं, त्यावर धनुष्य घेतलेलं गुटगुटीत पंखवालं बाळ होतं. तुम्ही त्याला लंगोट नेसवलात, डोळ्यावर चष्मा चढवलात आणि बाणांचा भाता नाडीने बांधून दिलात. "हा कामदेवाच्या ऑफिसातला कच्चा कर्मचारी," तुम्ही म्हणायचात, "याला अजून पक्कं केलेलं नाही." नेम मुलीवर धरायचा आणि बाण लागायचा भटजींना. कधी मुलाच्या मामाला, कधी तसबिरीतल्या पणजोबांना. शेवटच्या चौकटीत धडपड्या पोह्यांच्या पातेल्यात उलटा आणि लग्न मात्र जुळलेलं. चित्रं तुमची, पण संवादांच्या फुग्यांतली अक्षरं माझी, कारण तुमचं अक्षर यंत्राच्या नकाशावर शोभणारं, ताठ, सगळी माणसं तारेतून बोलल्यासारखी वाटायची. मी अकरा वर्षांची झाले तेव्हा तुम्ही मला ड्रॉइंगचं बारीक टोकाचं पेन दिलंत आणि म्हणालात, आजपासून फुगे तुझ्याकडे. शाई वाळायच्या आत बाहीने पुसली म्हणून एकदा काय झापलं होतंत. "एक फुगा बिघडला की अख्खं लग्न मोडतं," असं म्हणाला होतात. मी रडले, तुम्ही कागद फाडलात आणि पुन्हा सगळं पान काढलंत. त्या रविवारी आपण तिघांनी दुपारी तीनला जेवण केलं.

तुम्हाला विषय सुचायचे कुठून हे अख्ख्या मंडळाला ठाऊक होतं. महिन्यातून एकदा मंडळाच्या हॉलमध्ये वधूवर मेळावा असायचा आणि तुम्ही दाराशी नोंदवही घेऊन बसायचात. नागपूरची माणसं, इंदूरची माणसं, ग्वाल्हेरची, कुणी बदलीवर आलेली, कुणी तीन पिढ्या इथलीच, आणि सगळ्यांच्या तऱ्हा तुमच्या खिशातल्या छोट्या वहीत. पत्रिका हातात पडली की बायका आधी शेवटचं पान उघडायच्या आणि म्हणायच्या, या महिन्यात कोण? एकदा समोरच्या काकूंच्या मुलीला बघायला आलेले मुलाचे काका कार्यक्रमातच घोरायला लागले. तुम्ही तो बाण काकांना लावलात, काका झोपेत स्वतःच्याच बायकोला नव्याने मागणी घालतात असं काढलंत. समोरच्या काकू दोन महिने आईशी बोलल्या नाहीत. आईने तुम्हाला सुनावलं तेव्हा तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "नाव कुठे टाकलंय मी?" आणि मी, चौदा वर्षांची शहाणी, दाराआड तोंडावर ओढणी दाबून हसत होते. लोकांच्या घरातलं आपल्या टेबलावर आलं की फार गंमत वाटायची. आपल्या घरातलंही कधी त्या पानावर जाईल असं मला वाटलं नाही, कारण आपलं घर म्हणजे तुम्ही होतात.

बाविसाव्या वर्षी मी बी.एड. करत होते आणि संध्याकाळी मंडळाचं वाचनालय सांभाळत होते. तो सचिवालयात कारकून होता, वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर इकडे आलेले, घरी मराठी, बाकी जन्म सगळा हिंदीत. पुस्तक घ्यायला यायचा, पुस्तक न वाचता परत करायचा आणि परत केल्याचं कारण तपशीलवार सांगायचा. सहा महिने हे चाललं. मग एके दिवशी पुस्तकात घडी घातलेला कागद. फुलस्केप, डावीकडे समास सोडलेला. विषय: आपल्याशी विवाह करण्याबाबत. संदर्भ: वाचनालयातील आपली वेळोवेळी झालेली भेट. महोदया, उपरोक्त विषयांतर्गत निवेदन आहे की मी मागील सहा महिन्यांपासून आपला विचार करीत आहे. सदर विचार कायम स्वरूपाचा असून तदर्थ नाही. आपला होकार प्राप्त झाल्यास पुढील कार्यवाही करणे सोयीचे होईल. आणि अगदी खाली, सहीच्याही खाली, लहान अक्षरात: मला दुसऱ्या प्रकारे लिहिता येत नाही.

मी ते पत्र किती वेळा वाचलं असेन. पहिल्या वेळी हसले, दुसऱ्या वेळी कमी हसले, आणि खालच्या त्या वाक्यापाशी हसायचीच थांबले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. आईला सांगितलं असतं तर तिने आधी गोत्र विचारलं असतं. मैत्रिणींना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत हबीबगंज स्टेशनापर्यंत पोचलं असतं. मग मी तुमच्याकडे आले. तुम्ही पहिल्या पाळीहून आला होतात, अंगणात खुर्ची टाकून बूट काढत होतात. मी कागद तुमच्या हातात दिला आणि म्हटलं, बाबा, कुणाला सांगायचं नाही. तुम्ही "हं" म्हणालात. तुम्ही वाचलंत आणि एक बूट पायात, एक हातात, असे हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. मग तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालात, "मुलगा सोन्यासारखा आहे. मी बोलतो त्याच्या वडिलांशी, गणपती होऊ देत." त्या दिवसाइतकी मी तुमची कधीच नव्हते. ते पत्र तुमच्या हातात दिलं तेव्हा मला वाटलं, आता हे सुखरूप आहे.

पुढच्या रविवारी तुम्ही मला म्हणालात, या महिन्यात फुगे राहू देत, तुझी परीक्षा आहे, मी भरतो कसेतरी. मला वाटलं, माझी काळजी. बाबा, तुम्ही मला पुष्कळ गोष्टी माफ करायला लावल्यात, पण हे वाक्य मला आजही गिळवत नाही. परीक्षेला अजून महिना होता. तुम्हाला माहीत होतं की मी ते पान पाहिलं तर काय होईल, म्हणूनच मला लांब ठेवलंत. म्हणजे न कळून झालेलं नाही ते, चांगलं विचार करून, पट्टीने चौकटी आखून केलेलं आहे.

पत्रिका गणपतीच्या आदल्या आठवड्यात आली. धडपड्या सचिवालयाच्या खिडकीतून आत शिरतो, फाइलींच्या ढिगावर आपटतो, त्याचा बाण कारकुनाच्या दौतीत पडतो आणि मग कारकुनाच्या टाकातून जे उतरतं ते सगळं प्रेमाचं, पण सरकारी. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयांतर्गत. कायम स्वरूपाचा असून तदर्थ नाही. शब्दन् शब्द, तुमच्या त्या ताठ अक्षरात. फक्त सहीखालचं ते एक वाक्य तुम्ही घेतलं नव्हतंत. ते घेतलं असतं तर कुणी हसलं नसतं, तुम्हाला बरोबर कळलं होतं ते. मी वाचनालयातच उभी होते, गठ्ठा सोडून पत्रिका मोजायच्या होत्या, आणि मला बसायला खुर्ची सापडेना.

तरी वाटलं, नाव नाही, कोण ओळखणार? पण त्याची फाइलींवरच्या नोटिंगची भाषा त्याच्या ऑफिसातल्या चार मराठी माणसांना पाठ होती. मंडळाच्या गणपतीत तिसऱ्या दिवशी निवेदकाने स्टेजवरून तो भाग सगळ्या फुग्यांसकट वाचून दाखवला. हॉल फुटला हसून. तो मागून तिसऱ्या रांगेत होता, शेजारी त्याचे सहकारी, आणि त्यातला एक त्याच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "काय हो, कायम स्वरूपाचे." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला कायम स्वरूपाचे म्हणायला लागले. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. लोक वळून वळून तुम्हाला दाद देत होते आणि तुम्ही चष्मा पुसत होतात. मी तुमच्याकडे बघत होते. एकदा तरी मागे वळून माझ्याकडे बघाल असं मला वाटत होतं, पण तुम्ही वळला नाहीत.

घरी आल्यावर मी विचारलं. आई स्वयंपाकघरात मोदकाचं सारण परतत होती, तिला तोवर काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही हं म्हणाला होतात. तुम्ही म्हणालात, "नाव कुठे टाकलंय मी?" मी म्हटलं, बाबा, ते माझं होतं. तुम्ही म्हणालात, "इतकं सुंदर होतं गं ते. ठेवून काय करायचं?" एवढंच. चुकलं म्हणाला नाहीत. त्याच्या वडिलांकडे गेला नाहीत. गणपती गेले, पितृपक्ष गेला, दसरा गेला. त्याने बदली मागून घेतली जबलपूरला, आणि जायच्या दिवशी मी हबीबगंज स्टेशनवर गेले. आता त्याचं नाव बदललंय आणि आत विमानतळासारखं चकाचक केलंय, तेव्हा तिथे एक चहावाला आणि चार बाकं होती. तो मला म्हणाला, "वडिलांना पत्र दाखवलंत ते मी समजू शकतो. माझ्या बहिणीनेही दाखवलं असतं." त्याला रागावताही येत नव्हतं नीट. गाडी आली, तो गेला. नंतर त्याचं लग्न झाल्याचं मंडळातच कळलं.

माझंही झालं, तीन वर्षांनी, त्याच मेळाव्यातून, तुमच्याच नोंदवहीतून. हे चांगले आहेत, त्यांच्यात खोट काढायला जागा नाही, आणि तो मिळाला नाही याचं दुःख मला मुलगी झाली त्या सुमाराला कधीतरी विझलं. दुसरं विझलं नाही. त्या गणपतीनंतर तुम्ही अकरा वर्षं होतात आणि त्या अकरा वर्षांत मी तुम्हाला काही म्हणजे काही सांगितलं नाही. तब्येत कशी आहे, गॅस आला का, लाइट गेली होती का. मुलगी पोटात होती तेसुद्धा तुम्हाला आईकडून कळलं. फुगे तर मी पुन्हा भरलेच नाहीत. तुम्ही वर्षभर स्वतःच्या ताठ अक्षरात काढत राहिलात आणि मग धडपड्या बंद केलात, लोकांना सांगितलंत की डोळे दुखतात. शेवटी दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "बोल ना काहीतरी." मी म्हटलं, डॉक्टर चारला येणार आहेत. मला तेव्हाही वाटलं की बरोबर केलं. ज्याला सांगितलं की चव्हाट्यावर येतं, त्याला कशाला सांगायचं?

आता कालचं. मी त्या मुलीला म्हटलं, सचिवालयाचा भाग सोडा. ती म्हणाली, "काकू, वही तो बेस्ट है. कव्हरच्या मागे तोच घेणार होतो आम्ही." आणि तिने तो उघडला. मी इतक्या वर्षांत तो पुन्हा पाहिला नव्हता. ती मोठ्याने वाचत गेली, विषय, संदर्भ, आणि मग शेवटच्या चौकटीवर आली. शेवटच्या चौकटीत पत्राच्या तळाशी, सरकारी पत्राची प्रत कुणाकुणाला जाते ते लिहितात तशा, दोन ओळी आहेत. प्रतिलिपि: एक, आईसाहेब, सूचनार्थ. दोन, मारुतीराय, आवश्यक कार्यवाहीसाठी. आणि वर मारुतीच्या गदेवर धडपड्या लटकलाय. ती पोरगी खो खो हसत सुटली. म्हणाली, "लग्नासाठी मारुतीला अर्ज. आजोबांना सुचायचं कसं हे?"

त्याच्या पत्रात प्रतिलिपि नव्हती, बाबा. तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्हाला हेही माहीत आहे की तुम्हाला ते सुचलं नव्हतं. तो दर शनिवारी मारुतीला जायचा आणि माझ्यासाठी मागायचा. ब्रह्मचारी देवाकडे बायको मागायची म्हणून त्याला लाज वाटायची. ते त्याने मला एकटीला सांगितलं होतं, कपाटाआड, कान लाल करून. आणि त्या दिवशी अंगणात, तुम्ही पत्र वाचून हसत होतात तेव्हा, तुम्ही आणखी हसावं म्हणून मी कमरेवर हात ठेवून त्याच्या आवाजात म्हणून दाखवलं. प्रतिलिपि, आईसाहेब सूचनार्थ, मारुतीराय आवश्यक कार्यवाहीसाठी. तेव्हा तुमच्या हातातला बूटच खाली पडला.

स्टेशनवरचं मी वर सगळं लिहिलं नाही. त्याने आणखी एक विचारलं होतं. गाडी दिसायला लागली होती आणि तो म्हणाला, "पत्र माझं होतं. शेवटच्या दोन ओळी माझ्या नव्हत्या. मारुतीचं तुमच्या बाबांना कसं कळलं?" त्याला एवढंच हवं होतं. मीच सांगितलं म्हटलं असतं, चुकले म्हटलं असतं, तर तो राहिला असता की नाही ते मला माहीत नाही. मी म्हटलं, "मी नाही सांगितलं. ते बाबांनी मनाने घातलं. त्यांना सवयच आहे." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने बॅग उचलली. आणि आई जेव्हा तुमच्यावर चिडली होती, की पत्राचं एक वेळ ठीक, पण त्या पोराच्या देवाला कशाला ओढलंत, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तिला म्हणालात, "सुचलं मला." त्यानंतरही मी तुमच्याशी अकरा वर्षं धड बोलले नाही.

तुम्ही ते छापायला नको होतं. हे मी मागे घेणार नाही, कितीही पानं लिहिली तरी. मी तुम्हाला एका माणसाबद्दल सांगितलं आणि तुम्ही त्याचा भाग केलात. पण तुमच्याही आधी, त्याच अंगणात, मी केला होता, आणि ते तुमच्यावर ढकलून मी मोकळी झाले. त्या मुलीला आज फोन करायचाय, हो म्हणून की नाही म्हणून ते अजून ठरत नाही. हे पत्र कुठे टाकायचं तेही ठरत नाही. एक मात्र सांगायचं राहिलं. काल ती पोरगी हसली ना बाबा, तेव्हा मला आधी वाईट वाटलं नाही, त्याची आठवणही आली नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या ओळीला हसलं, म्हणून मला बरं वाटलं.